बीबीसी मायक्रोसाठी कीबोर्ड: रविवारच्या नोंदी

८ डिसेंबर २०२४

माळ्यावरची ट्रंक काढली आईच्या जुन्या चादरींसाठी, हाती लागली शाळेची वही. १९८७ची, दोनशे पानी, कोपरे वाळवीनं खाल्लेले. आत बेसिक या संगणकभाषेतले प्रोग्राम, निळ्या शाईत, आणि प्रत्येक शून्यावर तिरकी रेघ. शून्य कापलं नसेल तर सर वही तपासायचे नाहीत.

१९८४-८५ मध्ये केंद्र सरकारनं शाळांत संगणक शिकवायला 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला होता. सुरुवातीला २५० शाळा. त्यात बीबीसी मायक्रो द्यायचे. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीचं यंत्र, मेमरी ३२ के. पुढे आमच्या शाळेतही ते आले. खोलीबाहेर चपला काढायच्या, एका यंत्रावर चौघं, आठवड्याला एक तास. डिस्क पोरांच्या हातात द्यायचीच नाही. म्हणून प्रोग्राम आधी वहीत लिहायचा, मग यंत्रावर चढवायचा, आणि तास संपायच्या आत दुरुस्त्या पडद्यावरून परत वहीत उतरवायच्या.

तर काम एवढंच: वहीतले प्रोग्राम लॅपटॉपवर चालवून बघायचे. बीब-ईएम हा एम्युलेटर, म्हणजे जुन्या यंत्राची हुबेहूब नक्कल करणारा प्रोग्राम, टाकला, तो 'बीप-बीऽप' आवाज ऐकला आणि अंगावर काटा आला. पहिली ओळ छोट्या लिपीत टाईप केली. उत्तर आलं: 'मिस्टेक'. बीबीसी बेसिकला आज्ञा कॅपिटलमध्येच लागतात, विसरलो होतो. कॅप्स लॉक लावून पुन्हा. आता डबल कोटच्या जागी * उमटायला लागला.

चोवीस वर्षं डीटीपी करतोय. बोटं बघून टाईप करत नाही. त्यामुळे चुकाही न बघताच होतात. चाळीस ओळींत सत्तावीस चुका, आणि त्यातल्या बहुतेक अवतरणचिन्हांच्या.

११ डिसेंबर

रात्री दुकान बंद केल्यावर तासभर बसलो. भानगड कळली.

एम्युलेटर दोन तऱ्हेनं बटणं जोडतो. एक तऱ्हा जागेची: माझ्या कीबोर्डवर ज्या जागी बोट पडलं, बीबीसीच्या त्याच जागेवरचं बटण दाबलं असं धरायचं. आपल्याकडचा कीबोर्ड अमेरिकन मांडणीचा. त्यात एलच्या उजवीकडे दुसऱ्या नंबरला कोटचं बटण, बीबीसीवर तिथं : आणि शिफ्टबरोबर *. म्हणून माझे सगळे कोट तारे झाले. दुसरी तऱ्हा चिन्हाची: मी जे चिन्ह काढलं तेच बीबीसीवर उमटवायचं, त्यासाठी आतल्या आत लागतील ती बटणं एम्युलेटरनं दाबायची.

चिन्हाची तऱ्हा लावली आणि टायपिंग सुरळीत झालं. वाटलं, सुटलो. मग पान ९ वरचा 'धोटा' हा खेळ चढवला. मागातला धोटा इकडून तिकडे पळवायचा, तुटलेले धागे चुकवायचे. नववीतलं डोकं, पण विषय घरचा. त्यात डावीकडे जायला झेड, उजवीकडे एक्स, वर :, खाली /. त्या काळच्या बीबीसीच्या खेळांत ही चार बटणं ठरलेलीच. ती ओळखायला प्रोग्राममध्ये इन्की ही आज्ञा ऋण आकड्यासह वापरतात: -९८ म्हणजे झेड, -६७ म्हणजे एक्स, -७३ म्हणजे :, -१०५ म्हणजे /, आणि -१ म्हणजे शिफ्ट. हा आकडा चिन्हाचा नाही, बटणाचा आहे. कोणतं अक्षर आलं हे तो विचारतच नाही, अमुक जागेचं बटण या क्षणी दाबलेलं आहे का, एवढंच विचारतो.

आता अमेरिकन कीबोर्डवर : काढायला शिफ्ट धरावं लागतं. आणि मी महाभागानं खेळात शिफ्ट दाबलं की धोटा दुप्पट वेगानं पळेल अशी सोय करून ठेवलेली. एम्युलेटर बिचारा : पाठवताना शिफ्ट सोडल्याचं सोंग करतो, मी तर ते दाबून धरलेलं. धोटा कधी उडतो, कधी अडकतो.

म्हणजे जागेची तऱ्हा लावली तर खेळ चालतो आणि टायपिंग बोंबलतं. चिन्हाची लावली तर उलट. वहीतल्या प्रोग्रामला दोन्ही पाहिजे.

१५ डिसेंबर

दुकानातला टीव्हीएस गोल्ड घरी आणून जोडला. टकाटक वाजणारी निळी चेरी स्विचं, अकरा वर्षं झाली, ए आणि एसवरची अक्षरं पुसली तरी ठोका पहिल्या दिवसासारखा. बँक, रेल्वे, छापखाना, कुठंही जा, हाच कीबोर्ड. यावर बोटं खूश झाली. मांडणी अर्थात अमेरिकनच, त्यामुळे मूळ दुखणं जागच्या जागी.

खरं तर हे दुखणं मला नवीन नाही. दुकानात माझा हात गोदरेजच्या टाइपरायटरवर घडलेला, रेमिंग्टन मांडणीचा. नंतर आलेली पोरं इनस्क्रिप्टवर. त्यात केच्या बटणावर क, डीच्या बटणावर हलन्त. एकाच संगणकावर दोघं आळीपाळीनं बसतो, दर वेळी मांडणी बदलतो, आणि बदलायला विसरलं की लग्नपत्रिकेत वधूपित्याच्या नावाचा विचका होतो. छापलेलं अक्षर एक, उमटणारं दुसरं, बोटाला आठवणारं तिसरं.

एक कोडंही सुटलं. वहीत पान १४ वर 'एक्स↑२' असं लिहिलंय. मी बाणाचं बटण दाबत बसलो, कर्सर वर जायचा. आणि पान ३१ वर तर काही ओळी ← ने सुरू होऊन → ने संपतात. बीबीसी मायक्रो चालू झाला की मोड ७ मध्ये येतो, म्हणजे टेलिटेक्स्टचा (टीव्हीवर मजकूर दाखवायच्या जुन्या पद्धतीचा) पडदा, आणि त्यात चिन्हांचे चेहरे वेगळे. ^ दिसतो ↑ सारखा. [ दिसतो ← आणि ] दिसतो →. \ तर चक्क ½ दिसतो. पोरांनी पडद्यावर दिसलं ते उतरवलं. म्हणजे पान ३१ वरचा तो मजकूर बाणांचा खेळ नाही, चौकटी कंसातली असेंब्ली आहे, म्हणजे थेट प्रोसेसरला द्यायच्या आज्ञा! बीबीसी बेसिकच्या पोटात असेंब्ली लिहायची असली की [ नं सुरू आणि ] नं बंद करायची. ती मी लिहिली असणं शक्य नाही. फळ्यावरून उतरवली असणार.

२२ डिसेंबर

लेक कॉलेजच्या सुट्टीवर आली. इलेक्ट्रॉनिक्सला आहे. बघून म्हणाली, "बाबा, एवढ्यासाठी रोज रात्री जागायलाय होय?" आणि स्वतःच खेळत बसली.

तिच्या हातातला साडेतीनशे रुपयांचा कीबोर्ड होता. झेड, / आणि शिफ्ट तिन्ही एकदम धरले की झकास. झेड, एक्स आणि / धरले की तिसरं गायब. तिनं पाठ उघडून दाखवली: दोन प्लास्टिकचे पडदे, एकावर उभे पट्टे, दुसऱ्यावर आडवे. ताणा-बाणाच. बटण दाबलं की त्या छेदावर उभा-आडवा टेकतो. नियंत्रक एकेक उभा पट्टा जागवतो आणि कोणत्या आडव्यावर वीज आली ते बघतो. आता चौकोनाचे तीन कोपरे दाबले तर वीज वळसा घालून चौथ्या कोपऱ्यातही पोचते, आणि न दाबलेलं बटण दाबल्यासारखं दिसतं. हे भूत टाळायला स्वस्त कीबोर्ड तिसरं बटणच नाकारतात. प्रत्येक बटणामागे डायोड लावला तर वीज उलटी जात नाही. पैसे वाचवायला तो गाळतात. शिफ्ट-कंट्रोलसाठी वेगळी वाट ठेवलेली असते, म्हणून ती तेवढी निसटतात.

कीबोर्ड बंद करताना एक पट्टा दुमडला. ई, डी, सी आणि ३ गेले. साडेतीनशे रुपयांचं शिक्षण.

२९ डिसेंबर

आज जे समजलं ते चाळीस वर्षांपूर्वी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं.

बीबीसीवर शिफ्ट-२ म्हणजे ". शिफ्ट-६ &, शिफ्ट-७ ', शिफ्ट-८ (, शिफ्ट-९ ). शाळेत वाटायचं, साहेबाची लहर. लहर नाही. आस्कीमधे, म्हणजे प्रत्येक चिन्हाला ठरलेला आकडा देणाऱ्या यादीत, २ चा संकेत ०११००१० आहे आणि " चा ०१०००१०. फरक एकाच बिटाचा. ८ म्हणजे ०१११०००, ( म्हणजे ०१०१०००. पुन्हा तोच बिट. जुन्या टेलिटाइप यंत्रांत शिफ्ट म्हणजे तेवढा एक बिट पलटवणं, म्हणजे कमीत कमी जुळणीत काम. : ची जोडी * शी, ; ची + शी, - ची = शी, सगळं याच हिशेबानं. आणि शून्याची जोडी? बिट पलटवला की ०१००००० उरतो, तो म्हणजे मोकळी जागा. म्हणून बीबीसीवर शून्याच्या बटणावर वर काहीच छापलेलं नाही! ते कोरं बटण बघून मी सरांना विचारलं होतं, त्यांनी 'बस खाली' म्हटलं होतं.

अमेरिकन मांडणीनं मात्र विजेच्या टाइपरायटरची वाट धरली: शिफ्ट-२ वर @, शिफ्ट-६ वर ^, कोट वेगळ्या बटणावर. आयबीएमच्या सिलेक्ट्रिकची सवय टंकलेखकांना लागलेली. सवय जिंकली, बिट हरला.

तर मला टाइपरायटरच्या नाही, बिटांच्या जोडीचा कीबोर्ड पाहिजे. आजही असा बनतो का, हे शोधत रात्री एक वाजला. बनतो. जपानमध्ये. त्यांच्या प्रमाण मांडणीत शिफ्ट-२ ला ", शिफ्ट-० कोरं. शून्यानंतर -, ^, \ अशी ओळ. पीनंतर @ आणि [. एलनंतर ;, :, ]. मी वहीच्या मलपृष्ठावर पेन्सिलनं काढलेला बीबीसीचा नकाशा शेजारी ठेवला. बटणामागे बटण तेच. एक £ चं सोडलं तर.

५ जानेवारी २०२५

जपानी कीबोर्ड मागवायला गेलो तर वाहतूक धरून किंमत टीव्हीएसच्या तिप्पट. तोवर स्टिकर. दुकानातच छापले, जुन्या कीबोर्डवर चिकटवले. दिसतात छान. पण @ चं बटण पीच्या शेजारी असलं तरी ^ आणि \ यांना अमेरिकन कीबोर्डवर त्या रांगेत पुरेशी बटणंच नाहीत. शून्य आणि बॅकस्पेसच्या मधे मला तीन हवीत, आहेत दोन. स्टिकरनं बटण वाढत नाही.

जुळे सोलापूरचा मित्र आला होता. त्याच्याकडं स्पेक्ट्रम प्लस हा त्या काळचा दुसरा घरगुती संगणक होता, पुण्याच्या डेसिबेल्स कंपनीनं परवान्यानं काढलेला. त्याचं दुखणं वेगळंच. मूळ स्पेक्ट्रमला बटणं चाळीस आणि प्रत्येकावर अख्खी आज्ञा. जे दाबलं की 'लोड' आपोआप उमटतं, पी दाबलं की 'प्रिंट'. कॅसेट चढवायची तर जे, मग सिम्बॉल शिफ्ट धरून दोनदा पी. त्याला अजून हे पाठ आहे, बोलता बोलता टेबलावर बोटं वाजवून दाखवली. पण साध्या कीबोर्डवर ते छापलेलंच नसतं. मी म्हटलं, "तुझं तू बघ, माझ्याच वहीला अजून मुहूर्त नाही."

१२ जानेवारी

गड्डा, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वराची जत्रा. पाहुणे, शेंगाच्या पोळ्या, होम मैदानाकडं जाणारी वाट बंद. काम नाही.

१९ जानेवारी

मिळाला! आणि कुठं, तर अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात. त्यांची लेबलं आम्ही छापतो. हिशेब घ्यायला गेलो होतो. स्टोअरमध्ये जपानी यंत्राबरोबर बारा-पंधरा वर्षांपूर्वी आलेली पेटी, तीत प्लास्टिकसुद्धा न काढलेला कीबोर्ड. स्टोअरकीपर म्हणाले, "न्या की साहेब, यावरची अक्षरं कुणाला कळायलीत?" चहा झाला, पैसे घेतले नाहीत.

त्याच आवारात मागच्या शेडमध्ये जेकॉर्डची कार्डं, म्हणजे मागाला नक्षी सांगणारी भोकांची कार्डं, पाडणारे एक काका बसतात. आता बहुतेक डिझाइन संगणकावर जातं, त्यांच्याकडं जुन्या मागांचं थोडंफार काम येतं. त्यांचं यंत्र पियानोचं. समोर रंगीत चौकटींचा आलेख, दोन्ही हातांची बोटं काही बटणं एकदम दाबतात, पाय पायटा दाबतो, एका ओळीची भोकं पडतात, कार्ड एक घर पुढं सरकतं. मी मुद्दाम वाकून बघितलं. त्यांच्या एकाही बटणावर अक्षर नाही. विचारलं, "काका, चुकत नाही?" ते आलेखावरची नजर न काढता म्हणाले, "बोट कुठं ठिवायचं ते बोटाला म्हाईत असतंय."

घरी येऊन बघतो तर कीबोर्डची पिन जांभळी, गोल. पीएस/२, यूएसबीच्या आधीची जुनी जोडणी.

२६ जानेवारी

गोल पिनेला यूएसबीचं नुसतं अडाप्टर लावलं. मेलेला. ती अडाप्टरं फक्त दोन्ही भाषा जाणणाऱ्या कीबोर्डसाठी असतात, त्यांच्या आत निव्वळ तारा. माझा कीबोर्ड एकच भाषा बोलतो.

दुकानातल्या जुन्या संगणकाला जांभळं भोक आहे, त्यात घातला तर दिवे लागले, अक्षरं आली. म्हणजे कीबोर्ड चांगला. पण त्या संगणकावर दिवसभर काम चालतं, आणि विंडोजला जपानी मांडणी लावून पत्रिका जुळवायच्या म्हटलं तर पोरं मला हाकलतील. शिवाय अमेरिकन मांडणी लावलेली असताना दोन बटणं मुकीच: बॅकस्पेसशेजारचं येनचं आणि उजव्या शिफ्टशेजारचं 'रो'चं.

लेकीनं रास्पबेरी पाय पिको हा प्रोग्राम करता येणारा छोटा बोर्ड दिला होता. त्याचा दुभाष्या करायचा ठरलं: एका बाजूनं पीएस/२ ऐकायचं, दुसऱ्या बाजूनं यूएसबी बोलायचं. तिनं फोनवर बजावलं होतं, "कीबोर्डच्या तारा ५ व्होल्टच्या, पिकोच्या पिना ३.३च्या, मधे लेव्हल शिफ्टर लावा." लेव्हल शिफ्टर कुरिअरनं यायचा होता. मला धीर नव्हता. सरळ जोडलं. दहा मिनिटं चाललंसुद्धा. मग क्लॉकची, म्हणजे बिट कधी वाचायचा ते सांगणाऱ्या तारेची, पिन बहिरी झाली. पिकोचं बाकीचं अंग शाबूत आहे, एक पिन गेली. लेकीला अजून सांगितलेलं नाही.

२ फेब्रुवारी

लेव्हल शिफ्टर आला, क्लॉक दुसऱ्या पिनेवर घेतलं.

पीएस/२ची रीत सोपी आहे. क्लॉक खाली पडला की डेटाचा एक बिट वाचायचा. असे ११: सुरुवातीचा ०, मग ८ बिट, एक पॅरिटीचा (चूक ओळखायला), शेवटी १. बटण दाबलं की एक आकडा येतो, सोडलं की आधी २४० आणि मग तोच आकडा.

एला २८ यायला हवा. येत होता ५६. बरोबर दुप्पट. म्हटलं, मी एक बिट उशिरा वाचतोय, सगळं एका घरानं सरकलंय. दीड तास वेळ मागेपुढे करत बसलो. काही फरक नाही. चिडून एस दाबला. २७ यायला हवा, त्याची दुप्पट ५४. आला २१६. मग कागदावर मांडलं: २७ म्हणजे ०००११०११, २१६ म्हणजे ११०११०००. सरकलेलं नव्हतंच काही. आरशात दिसावं तसं उलटं होतं! पीएस/२ लहान बिट आधी पाठवतो, मी मोठा समजून रचत होतो. एची आरशातली प्रतिमा नेमकी दुप्पट निघावी हा निव्वळ योगायोग, आणि त्यानं माझी दुपार खाल्ली. आधीच एस दाबला असता तर.

मग बाकीचं भराभर. येनचं बटण १०६, 'रो' ८१. दोन्ही यूएसबीकडं एफ१३ आणि एफ१४ म्हणून पाठवली. हे आकडे विंडोज मुकाट घेतं.

९ फेब्रुवारी

बीब-ईएममध्ये स्वतःची मांडणी करता येते. पडद्यावर बीबीसीच्या कीबोर्डचं चित्र येतं, त्यातल्या बटणावर क्लिक करायचं आणि आपलं बटण दाबायचं. सगळी बटणं जागेनुसार लावली. येनचं \ झालं. 'रो' वर _ छापलेलंच आहे, म्हणून तिथं £ चं बटण. बीबीसीवर _ आणि £ एकाच बटणावर. १च्या डावीकडचं जपानी बटण एस्केप, बीबीसीवरही एस्केप तिथंच. कॅप्स लॉकच्या जागी कंट्रोल, आणि कॅप्स लॉक स्पेसच्या डावीकडच्या बटणावर. कॉपी स्पेसच्या उजवीकडं.

आता एम्युलेटरला कसलं सोंग करावं लागत नाही. छापलेलं चिन्ह आणि बटणाची जागा, दोन्ही बीबीसीचीच.

'धोटा' पुन्हा पहिल्यापासून टाईप केला. चाळीस ओळींत तीन चुका. दोन माझ्या, एक वहीतली: ओळ २१० मध्ये कंस बंद केलेला नाही, बाजूला सरांची लाल फुली आहे. शिफ्ट धरून : दाबलं, धोटा सुसाट वर गेला.

कटकटी आहेत. स्पेस बार आखूड, अंगठा चुकून कॉपीवर पडतो. झेड, एक्स आणि : तिन्ही धरले तर चालतात, वर रिटर्न धरला तर नाही. मऊ पडद्याचा कीबोर्ड, टीव्हीएसचा ठोका नाही तो नाहीच. आणि ब्रेक मी एफ१० वर ठेवला होता, मुळातल्या जागेप्रमाणे एफ९च्या लगेच शेजारी. पहिल्या दहा मिनिटांत तो दाबला गेला आणि पडदा कोरा. काळजात धस्स झालं, पण बोटांनी आपोआप 'ओल्ड' टाईप केलं. प्रोग्राम परत. ३८ वर्षांनी ते कसं आठवलं कोण जाणे. ब्रेक आता एफ१२ वर हलवलाय.

पान ३१ची असेंब्ली पुढच्या रविवारी. तिथं एका ओळीवर शाईचा डाग आहे, खाली ३ आहे की ८ ते भिंगातून बघावं लागेल.